छतातली तालीम

“अप्पा, मगदूमला फोन करू का?” केतकीनं खालून विचारलं.

“कशाला?”

“नाही, तुम्ही बराच वेळ तसेच उभे आहात म्हणून.”

“मी विचार करतोय,” मी म्हणालो.

विचार वगैरे काही चालला नव्हता. मी घडीच्या शिडीवर उभा होतो, डावा हात मनगटापर्यंत छतात गेला होता आणि आत जुन्या दिव्याच्या एका स्प्रिंगनं माझं मधलं बोट पकडून ठेवलं होतं. हात ओढला तर बोट जाईल, ढकलला तर छत जाईल, अशी परिस्थिती होती. अशा वेळी चेहरा विचारमग्न ठेवण्यापलीकडे माणूस काही करू शकत नाही.

“मगदूम पाच मिनिटांत येतो, अप्पा. इलेक्ट्रिशियन आहे तो. त्याचं रोजचं काम आहे.”

“आणि माझं?”

यावर केतकी काही बोलली नाही. ती माझी सून. समोरच्या माणसाला उत्तर सुचणार नाही असा प्रश्न आपण विचारला की आपण जिंकलो, असं मी समजत असे. ती गप्प बसली की ती दया असायची, हे मला फार उशिरा कळलं.

सांगलीतल्या आमच्या फ्लॅटला फॉल्स सीलिंग होतं. माझ्या बायकोनं, सुलभानं, हौसेनं करून घेतलेलं. त्यात गोल भोकं पाडून आत छोटे हॅलोजनचे दिवे बसवलेले. सुलभा गेली आणि पुढच्या तीन वर्षांत ते दिवेही एकेक करून गेले. जे उरले होते ते तासाभरात असे तापायचे की खाली बसलेल्या माणसाच्या टकलावर पापड भाजून निघावा. दिवाणखान्यात टक्कल माझं एकट्याचंच होतं, त्यामुळे हा प्रश्न घरात गंभीरपणे कुणी घेतला नाही. शेवटी निनाद, माझा मुलगा, नवे एलईडी दिवे घेऊन टाकू म्हणाला आणि मगदूमला बोलावतो म्हणाला. तिथं मी आडवा आलो.

कारण मी प्रकाशाचा माणूस. पोटासाठी पाटबंधारे खात्यात होतो, पण सांगलीच्या हौशी रंगभूमीवर तीस वर्षं प्रकाशयोजना केलेली. ‘प्रकाश: य. ग. तगारे’ हे शब्द मी इतक्या हस्तपत्रकांवर वाचले होते, की सूर्य सोडला तर उजेडातलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. खरी गोष्ट अशी की त्या तीस वर्षांत मी एकही वायर जोडली नव्हती. ते थिएटरचा माणूस करायचा. मी अंधारात बसून डिमर वरखाली करायचो, आणि नाटक संपलं की सगळ्यांच्या शेवटी स्टेजवर येऊन वाकायचो.

तर त्या रविवारी दुपारी मी काम हातात घेतलं. पहिला प्रश्न वीज बंद करण्याचा. दाराजवळच्या बोर्डावर एकसारखी दिसणारी बटणं होती. एक खाली पाडलं, तर आतून निनाद ओरडला, “अप्पा, नेट गेलं!” दुसरं पाडलं, फ्रिज गेला. तिसऱ्यानं नेमकं काय गेलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. मग मी सरळ मेन स्विच बंद केला. पंखे थांबले, सगळं घर एकदम चिडीचूप झालं.

“मेनच बंद केलात?” केतकीनं विचारलं.

“सुरक्षेसाठी,” मी म्हणालो.

आधी सगळं उतरवायचं, मग सगळं चढवायचं, हा नेपथ्याचा नियम. त्याप्रमाणे मी त्या दोघांच्या बेडरूमपासून सुरुवात केली. तिथले दिवे उतरवले, त्यांच्या पलंगावर छताचा पांढरा भुगा पाडला आणि वर गोल भोकं उघडी ठेवून दिवाणखान्यात आलो. बेडरूम आणि दिवाणखाना यांच्यामध्ये एकेकाळी भिंत होती. सुलभानं ती पाडून तिथं लाकडी पार्टिशन घातलं होतं, आणि ते फॉल्स सीलिंगला जाऊन टेकलं होतं. त्याच्या वर दोन्ही खोल्यांची पोकळी एकच होती. हे मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं ते काम. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यांची माझ्या बाबतीत फारशी ओळख नाही.

स्प्रिंगनं शेवटी आपणहून बोट सोडलं. केतकीनं बर्फ आणला, मी तो नाकारला, आणि ती आत गेल्यावर गुपचूप लावून घेतला. मग पुन्हा वर चढलो. बोर्डाकडून येणारी वायर सापडते का ते बघायला मान वाकडी करून कान भोकाला लावला, म्हणजे कान लागला. आणि तेवढ्यात छतातून निनादचा आवाज आला.

“उद्या शेवटचा दिवस ना कळवायचा?”

मी दचकून खाली बघितलं. बेडरूमचं दार बंद होतं. आवाज वरूनच येत होता, आणि इतका स्वच्छ की मुलगा माझ्या कानात बसून बोलतोय असं वाटावं.

“हो,” केतकीचा आवाज. “सकाळी फोन करून नाही म्हणून सांगते. त्यांना दुसरं कुणी बघायला वेळ तरी मिळेल.”

“एकदा अप्पांना विचारून तर बघू.”

“काय विचारणार? ‘आम्ही डेहराडूनला गेलो तर चालेल का?’ ते म्हणणार, ‘आनंदाने जा.’ आणि आठ दिवसांत दवाखान्यात. गोव्याचं विसरलास?”

मी शिडीची कड घट्ट धरली. गोव्याचं कुणीच विसरलं नव्हतं. आदल्या वर्षी ही दोघं चार दिवस गोव्याला गेली होती. पहिल्याच संध्याकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि तालमीला निघून गेलो. शेजारच्या आवटीवहिनींनी धूर बघून स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली. मी परत आलो तेव्हा जिन्यात अर्धी सोसायटी उभी होती, आणि मी मोठ्या आस्थेनं विचारलं होतं, “कुणाकडे आग लागली?”

“मग त्यांना बरोबर नेऊ,” निनाद म्हणाला.

“ते सांगलीबाहेर दोन रात्री काढतात का? तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. आणि तिथं करणार काय ते? इथं त्यांची माणसं आहेत, नाटकाचा ग्रुप आहे.”

“पण तुझं काय, केतकी? अशी जागा पुन्हा निघेल?”

“निघेल नाहीतर नाही. मला काही एवढं वाटत नाहीये त्याचं.”

मी छतात कान घालून शिडीवर उभा.

केतकीनं दगडफुलावर पीएच.डी. केली होती. आपल्या गोड्या मसाल्यात घालतात तेच दगडफूल. लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून मी म्हणालो होतो, “बरं झालं, धन्यावर कुणी करत असेल तर सांग, मसाला पुरा होईल.” पण नंतर मीच ती गोष्ट गावभर मिरवत असे. हिमालयात दगडफुलांच्या किती जाती आहेत, ती झाडाच्या सालीवर, दगडावर कशी वाढतात, हवा खराब झाली की कशी आधी मरतात, हे मी नाटकाच्या ग्रुपला चहा पिता पिता सांगायचो. डेहराडूनच्या संस्थेत तिची निवड झाली आहे हे मात्र मला छतातून कळत होतं. निनादचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होणारं. म्हणजे सगळं जुळत होतं, एक मी सोडून.

खरं सांगायचं तर आधी मला राग आला, आणि तो गोव्याचा उल्लेख केल्याबद्दल आला. मग थोड्या वेळानं लाज वाटली. आणि त्याच्याही नंतर, अगदी खालून, एक चोरटा आनंद वर आला. ती नाही म्हणणार आहे. म्हणजे हे दोघं जाणार नाहीत. संध्याकाळी दाराची कडी वाजेल, कुकरची शिट्टी होईल, कुणीतरी ‘अप्पा, जेवायला’ म्हणेल. हा आनंद मला स्पष्ट ओळखू आला, आणि त्यानं मी इतका घाबरलो की काहीतरी काम करायचं म्हणून खिशातला नवा दिवा काढून भोकात बसवला.

दिवा भोकात गेला. क्षणभर थांबला. आणि भोकातून थेट खाली, टीपॉयवरच्या चिवड्याच्या डब्यात पडला.

आवाजानं दोघंही बाहेर धावली.

“अप्पा! पडलात?”

“मी नाही. दिवा.”

निनादनं चिवड्यातून दिवा काढला, वर भोकाकडं बघितलं, पुन्हा दिव्याकडं बघितलं. “हे भोकापेक्षा लहान आहेत.”

“भोक मोठं आहे,” मी दुरुस्ती केली.

“माप घेतलं होतंत ना?”

“नजरेनं.”

निनाद सज्जन मुलगा आहे. तो म्हणाला, “द्या, बदलून आणतो.” दिवे पिशवीत भरून तो चपला घालायला लागला. केतकी म्हणाली, “थांब, मी पण येते, भाजी आणायचीय.” दार उघडलं, बंद झालं. जिन्यावर पावलं वाजली. घर पुन्हा शांत.

मी शिडीवरून उतरलो नाही. उतरून जायचं कुठं? मी तिथंच उभा राहिलो आणि ठरवलं. ही दोघं गेली पाहिजेत. पण ‘जा’ म्हणून ती जाणार नाहीत. तेव्हा मलाच यांच्यात राहायचं नाही, असं त्यांना वाटलं पाहिजे. म्हणजे नाटक करायला हवं. नाटक म्हटलं की तालीम आली. आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तालमी अंधारातून बघितल्या होत्या. स्वतः एक वाक्य कधी बोललो नव्हतो. त्यामुळे नटानं आवाज कुठं लावायचा याबद्दल माझी मतं फार ठाम होती. पोटातून लावायचा.

तोंड भोकाच्या अगदी खाली होतं. तिथं आवाज छान घुमत होता. मला ते आवडलं.

“निनाद! केतकी! बसा,” मी छताला म्हणालो. “मी एक निर्णय घेतला आहे. मला यापुढं एकट्यानं राहायचं आहे. तुमच्या या गर्दीत माझा श्वास कोंडतो. माझं लेखन, वाचन, चिंतन, सगळं थांबलं आहे. तुम्ही तुमचं बिऱ्हाड दुसरीकडं करा. लांब. जितकं लांब तितकं उत्तम!”

‘उत्तम’ला हात वर नेला तो छताला आपटला. पण वाक्य जमलं होतं. लेखन मी आयुष्यात केलं नव्हतं, चिंतन तर दूरच, आणि घरात दोन माणसांची गर्दी होते का हाही प्रश्न होता. तरी आवेश बरा होता.

मग वाटलं, हे फार कडक होतंय. जरा मऊ करून बघू. पण मऊ करायला गेलो आणि समोर निनाद-केतकी दिसेनाशी झाली. छताची ती पोकळी सुलभानं करून घेतलेली. आत अजून तिच्या वेळच्या सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“सुलभा,” मी म्हणालो, “तू असतीस तर हा प्रसंगच आला नसता. तू त्यांना कधीच पाठवलं असतंस आणि मला सांगितलं असतंस, ‘गप्प बसा.’ आता मीच सांगायचं आणि मीच गप्प बसायचं. बरं, ते जाऊ दे. वरणाला शिट्ट्या किती गं? तीन की चार? आणि डाळ आधी भिजवायची का? मी कधी विचारलंच नाही. तू पण सांगितलं नाहीस. तुझीही चूक आहे.”

भुगा घशात गेला असं ठरवून मी खोकलो. पुन्हा पहिल्या सुरात जावं म्हणून छाती फुगवली, पण हवा राहिली नव्हती. मग जे आलं ते आलं. पोटातूनही नाही आणि घशातूनही नाही, असंच आलं.

“मला भीती वाटते रे. एकट्याची. दिवसा नाही वाटत. दिवेलागणीला वाटते. पण ती माझी आहे. तिच्यापायी तुम्ही थांबू नका. जा तुम्ही. मी बघतो माझं.”

हे अगदीच पडेल झालं. ना चढ ना उतार. माझ्या ग्रुपमधल्या कुणी असं वाक्य टाकलं असतं तर मी डिमर खाली ओढून अंधारच केला असता. मी ते वाचन रद्द केलं आणि पहिलंच कायम केलं.

निनाद तासाभरानं परतला तो दिवे तसेच घेऊन. दुकानदार म्हणाला होता, “भोकाचं माप आणा, मग बोलू.” मेन स्विच चालू केला. दिवाणखान्यात एकही दिवा नव्हता, त्यामुळे आम्ही स्वयंपाकघरात ट्यूबच्या उजेडात जेवायला बसलो. केतकीनं पिठलं-भात केला होता. ती कधी आली, भाजीची पिशवी कुठं गेली, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष माझ्या प्रवेशावर.

दोन घास खाऊन मी ताट थोडं पुढं सरकवलं.

“निनाद. केतकी. मी एक निर्णय घेतला आहे.”

“दिव्यांचं ना? मगदूमला बोलावू या,” निनाद म्हणाला.

“मला यापुढं एकट्यानं राहायचं आहे.”

निनादचा हात ताटात थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो बदल बघून मला वाटलं, अरे, परिणाम होतोय! आणि परिणाम होतोय असं दिसलं की हौशी माणूस थांबत नाही. मी तालमीत नव्हती ती वाक्यंही घालायला लागलो.

“तुमच्या या गर्दीत माझा श्वास कोंडतो. लेखन नाही, चिंतन नाही. सतत तो तुझा कॉम्प्युटर. फ्रिज उघडावा तर हिच्या डब्यांतून शेवाळं. घर आहे की झाडाचं खोड? तुम्ही तुमचं बिऱ्हाड दुसरीकडं करा. लांब! जितकं लांब तितकं उत्तम!”

या वेळी हात आपटायला वर काही नव्हतं, त्यामुळे तो हवेत तसाच राहिला. निनादचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांचा पोरगा, पण पाटीवरचं अक्षर चुकल्यावर दिसायचा तसा दिसत होता. “अप्पा, आमचं काय चुकलं?” तो म्हणाला. आणि मला पुढचं वाक्य आठवेना. पुढचं वाक्य लिहिलेलंच नव्हतं.

केतकीनं माझ्या ताटात भात वाढला. शांतपणे त्यावर पिठलं घातलं. मग म्हणाली,

“अप्पा, तिसरं जास्त चांगलं होतं.”

मला आधी वाटलं पिठल्याबद्दल बोलतेय.

“तिसरं काय?”

“तिसरं म्हटलंत ते. दिवेलागणीचं.”

वर गेलेला हात मी सावकाश खाली घेतला. “तू… तू तर भाजीला गेली होतीस.”

“जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तुम्ही त्या शिडीवर, घरात कुणी नाही. माझं मन होईना. म्हटलं, समोर बसले तर तुम्हाला वाटेल पहारा करतेय. तुमचं तोंड वर होतं, म्हणून किल्लीनं दार उघडून हळूच आत जाऊन पडले.” ती जरा थांबली. “वर भोकं होती.”

आवाज ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं जातोही, हे शाळेतल्या पोराला कळेल. मला ते पिठलं-भातासमोर बसून कळलं.

“सगळं ऐकलंस?”

“पहिलं आणि तिसरं. मधलं सासूबाईंशी होतं. ते मी ऐकलं नाही.” मग ताटाकडं बघत म्हणाली, “तीन पुरतात. डाळ भिजवलेली असेल तर.”

“कुणी मला सांगेल का काय चाललंय?” निनाद म्हणाला.

मग सांगावंच लागलं. छत, गोवा, डेहराडून, सगळं. निनादनं डोळे पुसले आणि तो माझ्यावर रागावला. त्याचा तो हक्कच होता. “म्हणजे तुम्ही चोरून ऐकलंत, आणि वर आम्हालाच…”

“मी चोरून ऐकलं नाही. कान आत गेला होता,” मी म्हणालो. “ते सोड. उद्या सकाळी ती फोन करून हो म्हणून सांगणार. मला भीती वाटते ते खरं आहे. पण म्हणून हिनं ही नोकरी सोडायची हे मला…” मी ताट जवळ ओढलं. “हे मला परवडणार नाही.”

केतकी उठली, पाण्याचं भांडं भरून घेतलं, प्यायली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

“अप्पा, एक सांगू? रागवाल.”

“आज माझ्याकडं रागवायला तोंड नाही.”

“तुमचं कारण मला बरं पडत होतं.”

निनादनं हातातला घास खाली ठेवला.

“‘सासरे एकटे आहेत, सोडून जाता येत नाही’ म्हटलं की कुणी पुढं काही विचारत नाही. उलट, गुणाची सून म्हणतात. आईपण तेच म्हणाली, आणि गाइडही. खरं म्हणजे निवड झाल्याचा फोन आला त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. तिथं सगळे वीस-वीस वर्षं काम केलेले लोक. मी सांगलीच्या कॉलेजातली. मला नाही जमलं तर? सहा महिन्यांत त्यांना कळलं, हिला काही येत नाही, तर? त्यापेक्षा तुमच्यासाठी थांबलेलं बरं, असं वाटायला लागलं. दुपारी मी निनादला म्हटलं, मला एवढं काही वाटत नाही. खोटं होतं ते. झोप लागत नाहीये मला.”

इतकी वर्षं मी या मुलीला घरातला खांब समजत होतो. निनाद तर तोंड उघडून बघत होता. त्याचं तिच्याशी लग्न झालेलं असूनही त्याला ही बातमी माझ्याबरोबरच मिळत होती.

“म्हणजे तुलाही भीती वाटते?” मी विचारलं.

“खूप.”

“बरं झालं,” मी म्हणालो. का कोण जाणे, पण अगदी मनापासून म्हणालो. “मला वाटत होतं, या घरात मी एकटाच.”

केतकी हसली, आणि हसता हसता रडायला लागली, ओट्याला टेकूनच. आपण काय करायचं ते मला कळेना. सुलभा असती तर उठून जवळ गेली असती. मीही उठलो, पण ताटातला हात खरकटा, म्हणून डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. त्याच हाताचं बोट सुजलेलं होतं. “आई गं,” मीच ओरडलो.

“मी काय करायचं?” निनाद ताटावरूनच म्हणाला. “मला कशाची भीती वाटायला पाहिजे?”

“तू पिठलं संपव,” केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन केला. मी मुद्दाम बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिचं ‘येस, सर’ ऐकू आलं, आणि ते ती दोनदा म्हणाली, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नाही.

त्याच दुपारी मगदूमला बोलावलं. त्यानं वर बघून “हे असं कुणी फोडलंय?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “होता एक.” त्यानं भोकांना बेताच्या चकत्या लावून तासाभरात सगळे दिवे बसवले. उजेड उत्तम पडला, जरा पांढरा वाटला, पण मत द्यायचं मी टाळलं.

पुढचे दिवस मला शिकवण्यात गेले. वरण, भात, पोळी, एक भाजी, आणि गॅसपासून लांब न जाणं, एवढा अभ्यासक्रम होता. केतकी शेजारी उभी राहायची आणि हात लावायची नाही. माझी पहिली पोळी बघून निनाद म्हणाला, “महाराष्ट्राचा नकाशा आहे.” केतकी म्हणाली, “कोकण जास्त आलंय.” आवटीवहिनींनी आपणहून खिडकीची नवी काच नीट बसली आहे ना ते येऊन बघितलं. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मला त्यांचा आधार वाटला.

या गोष्टीला आता दहा वर्षं होतील. केतकी अजून तिथंच आहे. पहिलं वर्षभर ती रडत होती, हे निनादनं मला नंतर सांगितलं. आता तिच्या हाताखाली पोरं काम करतात आणि तिलाच घाबरतात म्हणे. मी दर उन्हाळ्यात जातो. तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं, पाचव्या दिवशी बरं होतं, मग महिनाभर राहतो. बाकीचे महिने इथं. दिवेलागणीला अजून कसंतरीच होतं. तेवढा वेळ मी कुकर लावतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते मिरज स्टेशन. त्यांची दिल्लीची गाडी तिथून होती. मी ठरवून गेलो होतो की रडायचं नाही, आणि बोलायचंही नाही, कारण माझ्या बोलण्याचा अनुभव सगळ्यांनाच आलेला होता. निनादनं सामान लावलं. केतकी डब्याच्या दारात उभी होती. वाकून पाया पडायला जागा नव्हती, तेव्हा तिनं नुसता माझा हात धरला, आणि गाडी हलली तसा सोडला. गाडी पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होतो. नंतरही थोडा वेळ.

मागच्या बाकावर एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “लेक सासरी निघाली व्हय?”

“नाही,” मी म्हणालो. आवाज भलताच ओला होता. “सून. नोकरीला निघाली.”

“आन् ल्योक?”

“तोही तिच्याबरोबर गेला.”

ती विचारात पडली. तिनं मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिनं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावरची जागा हातानं झाडली.

“बसा हितं जरा,” ती म्हणाली.

मला कुठल्याच गाडीनं कुठं जायचं नव्हतं. पण बसलो.